पळणारा पारा, मागे गंधक, वाटेत सफरचंद: तीन वाद्यांची उत्स्फूर्त शर्यत कशी वाजवावी

किमयेवर, म्हणजे साध्या धातूचं सोनं करू पाहणाऱ्या जुन्या विद्येवर (अल्केमीवर), आधारलेलं वादन करायचं ठरलं की बहुतेक जण आधी वातावरणाच्या मागे लागतात. एखादी घंटा, खाली लांब गुंजन, भरपूर रिव्हर्ब आणि वर संथ बासरी. ऐकायला गोड लागतं, पण त्यात किमया कुठेच नसते. किमया ही प्रक्रिया आहे. एक द्रव्य पळतं, दुसरं त्याला धरतं, तिसरं दोघांना थांबवतं, आणि शेवटी जे हाती येतं ते तिघांपैकी कुणासारखंच नसतं. वादनातही असंच घडायला हवं. त्यासाठी लागतो नियम, आणि तो कथेतूनच काढता येतो.

असा नियम काढून दाखवणारं एक पुस्तक युरोपात १६१७ च्या सुमारास जर्मनीतल्या ओपेनहाइम गावी छापलं गेलं: 'अटलांटा फ्यूजिएन्स', म्हणजे पळणारी अटलांटा. लेखक मिखाएल मायर, सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचा काही काळ वैद्य. पुस्तकात ५० प्रकरणं आहेत आणि प्रत्येकात तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलेलं एक चित्र, लॅटिन पद्य, विवेचन आणि तीन आवाजांची एक सांगीतिक रचना. पहिल्या आवाजाचं नाव अटलांटा, दुसऱ्याचं तिच्या मागे धावणारा हिप्पोमेनीस, तिसऱ्याचं वाटेत पडलेलं सफरचंद. अटलांटा म्हणजे पारा, हिप्पोमेनीस म्हणजे गंधक आणि सफरचंद म्हणजे मीठ, असा त्याचा किमयेतला अर्थ लावला जातो. पहिले दोन आवाज कॅननमध्ये आहेत, म्हणजे एकाची धून दुसरा थोड्या अंतराने तशीच्या तशी म्हणतो. सफरचंद खाली संथ, साध्या स्वरांवर चालतं.

यातल्या ४० रचना मायरच्या नव्हेतच. त्या जॉन फार्मर या इंग्रज संगीतकाराच्या १५९१ साली छापलेल्या संग्रहातून घेतलेल्या आहेत, आणि त्या संग्रहातले चाळीसही कॅनन एकाच संथ धुनेवर रचलेले आहेत. आपल्या दृष्टीने ही फार कामाची गोष्ट आहे. खालची धून एकच ठेवून वर शर्यत पुन्हा पुन्हा नव्याने लावायची, ही त्या काळच्या गायकांची रोजची तालीमच होती. इटालियन संगीतशास्त्रज्ञ झार्लिनोने १५७३ च्या आपल्या ग्रंथात ठरलेल्या धुनेवर उत्स्फूर्त कॅनन कसा लावायचा याचे नियम दिले आहेत. म्हणजे पुढे दिलेलं वादन हा कुठला आधुनिक प्रयोग नाही, जुन्याच कसबाचा नवा सराव आहे. मूळ रचना ऐकायच्या असतील तर ब्राउन विद्यापीठाच्या 'फर्नेस अँड फ्यूग' या डिजिटल आवृत्तीत सगळ्या ५० गायलेल्या मिळतात. सुरुवातीला तीन-चार ऐका आणि प्रत्येक वेळी एकाच आवाजाचा माग धरा.

कथा वादकांना तोंडपाठ हवी, कारण तीच आपली बंदिश. ग्रीक पुराणातल्या अटलांटाला धावण्यात कुणी हरवू शकत नव्हतं. जो तिला हरवेल त्याच्याशी ती लग्न करेल आणि जो हरेल त्याचा जीव जाईल, अशी अट होती. हिप्पोमेनीसला प्रेमदेवता व्हीनसने तीन सोन्याची सफरचंदं दिली. धावताना त्याने एकेक टाकलं आणि ती उचलायला थांबली. रोमन कवी ओव्हिडच्या कथेत तिसरं सफरचंद त्याने मुद्दाम आडबाजूला फेकलं आणि व्हीनसने ते जडही केलं. त्यात वेळ गेला आणि तो पुढे निघून गेला. पुढे व्हीनसचे आभार मानायला विसरल्यामुळे आणि सिबिली देवीच्या मंदिरात मर्यादा सोडल्यामुळे दोघांचे सिंह झाले.

वाद्यं आणि सूर

वादक तीन. अटलांटासाठी व्हायोलिन, हिप्पोमेनीससाठी बासरी, सफरचंदासाठी चेलो किंवा हार्मोनियम. गोव्यात किंवा मुंबईत पाश्चात्त्य तालमीतला चेलोवादक मिळाला तर सोडू नका, कारण लांब सुराचा जोर गजाने हवा तसा वाढवता-उतरवता येतो. दोन व्हायोलिनही चालतील, पण मग दोघांना एकाच बाजूला बसवू नका. आवाजाचा पोत सारखा असला की कोण पुढे आणि कोण मागे हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि ते कळलं नाही तर वादनात काही उरत नाही. दोघांत दोन-तीन मीटर अंतर आणि समोरासमोर तोंडं, एवढं पुरतं.

तानपुरा नको, अगदी ॲपमधलाही. तानपुरा अखंड वाजतो आणि आपल्याला तर खालचा सूर मध्येच तोडायचा आहे. तबलाही बाजूला ठेवा. ठेका आला की सगळ्यांचं लक्ष समेकडे लागतं आणि पाठलागाचं भान सुटतं. लय खालचा वादक धरतो, गज बदलून किंवा भात्याच्या दाबाने.

षड्ज पांढरी दोन (पाश्चात्त्य डी). पाश्चात्त्य मेळातल्या व्हायोलिनच्या चार तारा तेव्हा म, सा, प, रे अशा पडतात. सा ची तार मोकळी वाजवली की मध्य सा मिळतो. बासरीही पांढरी दोनचीच घ्या. थाट काफी, म्हणजे ग आणि नि कोमल. त्या काळच्या युरोपातल्या डोरियन मोडचेही हेच स्वर. पुढे जिथे नुसतं ग किंवा नि लिहिलं आहे तिथे ते कोमल समजा.

खाली हार्मोनियम असेल तर एक गोष्ट सांभाळावी लागते. तिचा कोमल ग सा पासून ३०० सेंटवर असतो (सप्तकाचे १२०० सेंट), तर व्हायोलिनवादकाचा कान तो सहज ३१६ च्या आसपास नेतो. दोघं एकाच वेळी ग वर आले की सूर फाटल्यासारखा वाटतो. म्हणून हार्मोनियमवाल्याने सुरुवातीला सा, म आणि प यांवरच राहावं. तिथला फरक कानाला जाणवत नाही.

काळा टप्पा: सुमारे ३ मिनिटं

युरोपच्या किमयेत द्रव्य आधी काळं पडतं, मग पांढरं होतं, मग पिवळं आणि शेवटी तांबडं. पिवळा टप्पा पुढे बरेच किमयागार गाळत गेले, तुम्हीही गाळलात तरी चालेल. आपल्याकडच्या रसशास्त्राशी हा क्रम बराच जुळतो. पारा आणि गंधक खलात घोटले की काळी कज्जली होते, आणि पाऱ्याची चमक पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे ती निश्चंद्र होईपर्यंत, घोटणं थांबवत नाहीत. तीच कज्जली काचकूपीत भरून वालुकायंत्रात, म्हणजे वाळूच्या भांड्यात, तापवली की कूपीच्या गळ्याशी तांबडा रससिंदूर धरतो.

सुरुवातीलाही घोटायचंच आहे. खालचा वादक अजून गप्प. व्हायोलिन मध्य सा वर, बासरी त्याखालच्या नि वर. दोन स्वर एका पूर्ण स्वराच्या अंतरावर असल्यामुळे त्यांच्यात कंप उठतो. तो कंप लपवू नका. व्हायोलिनला म्यूट लावा, गज फिंगरबोर्डच्या बाजूला सरकवा आणि दाब अगदी कमी ठेवा. मग व्हायोलिनने सा वरून नि कडे आणि बासरीने नि वरून सा कडे मींडेने यायचं, एका फेरीला आठ-दहा सेकंद. फेऱ्या करत राहा. मधल्या जागी दोघं एकमेकांना ओलांडतात तेव्हा क्षणभर एकच सूर ऐकू येतो. कुठला आवाज कुणाचा हे वादकांनाही सांगता येईना झालं की कज्जली झाली. तेव्हा खालच्याने मंद्र सा लावायचा. तोच शर्यत सुरू झाल्याचा इशारा.

या टप्प्यात लोक घाई करतात. पहिल्याच मिनिटात छोट्या मुरक्या सुरू होतात आणि धुनेचा वास येऊ लागतो. इथे धून नको, फक्त दोन स्वर.

पहिली धाव: तीन मात्रांचं अंतर

लय मिनिटाला ६० मात्रा, शेवटपर्यंत तीच. प्रत्येक धावेत लय वाढवावीशी वाटेल, पण वाढवू नका. दोघांमधलं अंतर कमी होत जातं तसं वादन आपोआप वेगवान भासतं, आणि प्रत्यक्ष लय वाढवली की हा परिणाम झाकला जातो.

अटलांटाने सा ग म प नि या पाचच स्वरांत वाजवायचं, म्हणजे धानीचे स्वर. म्यूट काढा. आवाज हलका आणि स्वच्छ ठेवा, हा पांढरा टप्पा. मात्रेला एक स्वर, किंवा एक स्वर दोन मात्रा लांबवून. बासरीने बरोबर तीन मात्रांनंतर तेच, त्याच सप्तकात वाजवायचं. पाचच स्वर का, तर या पाचांत कुठल्याही दोन स्वरांमध्ये अर्ध्या स्वराची ठेच नाही आणि तीव्र मध्यमाचं कडू अंतरही नाही. कोण कुणावर येऊन पडलं तरी कानाला टोचत नाही. त्यामुळे या धावेत व्हायोलिनला सुसंवादाचा विचारच करावा लागत नाही.

अवघड काम बासरीचं. वाजवताना पुढचे तीन स्वर ऐकून लक्षात ठेवायचे असतात. इथे बहुतेक जण अडखळतात, कारण ते ऐकू येईल तसं वाजवायला जातात आणि हळूहळू अर्धी मात्रा मागे पडतात. वाद्य हातात घेण्याआधी ही धाव बोलून करा. एकाने मात्रेला एक सरगम बोलायची, दुसऱ्याने टाळी देत तीन मात्रांनी मागून बोलायची. बोलून जमलं की बोटं आपोआप मागे येतात. बोलून जमत नसेल तर वाद्यावर ते जमणारच नाही.

अटलांटाने मदत करायची ती अशी: तीन-तीन मात्रांचे गट करा. 'सा ग म', मग 'प म ग', मग 'नि प, म'. गट छोटा आणि गुणगुणता येईल असा असला की मागच्याला तो एक तुकडा म्हणून धरता येतो. ताना, गमक आणि भरगच्च मींड या धावेत बंद. मींडेत स्वर कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे पुसट होतं, आणि मागच्याला काय धरायचं तेच कळत नाही. पुढे धावणाऱ्या वादकाला हे बंधन जड वाटतं, पण मागचा पहिल्यांदा ऐकून जे गाऊ शकणार नाही ते पुढच्याने वाजवायचंच नाही, हा या वादनाचा मूळ करार आहे.

सफरचंद कसं टाकायचं

टाकण्याचा निर्णय फक्त खालच्या वादकाचा. मानेने खूण करायची नाही, डोळ्याने तर नाहीच. त्याने मात्रेवर सूर तोडायचा आणि पूर्ण एक मात्रा गप्प राहायचं. ती शांतता म्हणजे हवेत उडालेलं सफरचंद. पुढच्या मात्रेवर त्याने दुसरा स्वर लावायचा. पहिल्या सफरचंदाचा स्वर म. हा म लागतो त्या मात्रेला अटलांटा गप्प. हिप्पोमेनीसने मात्र थांबायचं नाही, त्याच्याकडे शिल्लक राहिलेले स्वर तो वाजवत राहतो. त्यानंतरच्या मात्रेवर अटलांटा तोच म उचलून पुन्हा धावू लागते. खालचा म चार मात्रा ठेवून सा वर परततो.

आता हिशेब बघा. अटलांटाची एक मात्रा गेली, म्हणून अंतर तीनवरून दोनवर आलं. कुणी काही ठरवलं नाही, कथेनेच अंतर कमी केलं.

सफरचंद फार लवकर टाकू नका. दोघं अंतर धरून निदान १६ मात्रा बिनचूक धावले, तरच टाका. अंतर डळमळीत असताना टाकलं की हिप्पोमेनीसला आपण नक्की किती मागे आहोत तेच समजत नाही आणि पुढची सगळी शर्यत अंदाजाने चालते. एका धावेला साधारण दीड ते दोन मिनिटं द्या.

दुसरी धाव दोन मात्रांच्या अंतराने, स्वर तेच पाच. पहिली जमली तर ही जमतेच. फरक एवढाच की गट आता दोन-दोन स्वरांचे करा. दुसऱ्या सफरचंदाचा स्वर नि. पुन्हा एक मात्रा गप्प, पुन्हा उचलणं, आणि अंतर एकावर.

तिसरी धाव: पंचमावरचा पाठलाग

इथून खरी मजा. हिप्पोमेनीसकडे मागच्या धावेतला एक स्वर शिल्लक आहे, तो होता तिथेच वाजवायचा. त्यानंतर अटलांटाचा प्रत्येक नवा स्वर तो एका मात्रेने मागून आणि पंचमाने वर वाजवेल. तिचा सा तर त्याचा प, तिचा ग तर त्याचा नि, तिचा म तर त्याचा तार सा. आता काफीचे सातही स्वर खुले.

या धावेत अटलांटाने कुठलाही स्वर कुठेही टाकून चालत नाही. ती नव्या स्वरावर जाते त्याच क्षणी तिचा आधीचा स्वर तिच्या डोक्यावर पंचमाने वर वाजत असतो. म्हणून एका स्वरावरून पुढे जाण्याच्या वाटा पाचच:

तोच स्वर पुन्हा,
दोन स्वर वर (सा वरून ग),
चार स्वर वर (सा वरून प),
एक स्वर खाली (सा वरून नि),
तीन स्वर खाली (सा वरून मंद्र प).

एकेक तपासा. सा वरून ग वर गेलात की वरती प वाजत असतो, ग आणि प चांगले जुळतात. सा वरून खाली नि वर गेलात की नि-प हे षष्ठाचं अंतर, तेही गोड. पण सा वरून रे वर गेलात तर रे-प हे चौथ्याचं अंतर, आणि त्या काळच्या कानांना दोनच आवाजांत ते खटकायचं. सा वरून म वर गेलात तर म आणि प एकमेकांना घासतात. सगळी गोची इथेच आहे: आपल्या हाताला सरळ आरोहाची, सा रे ग म ची सवय, आणि या धावेत एक स्वर वर जाणं हीच मुख्य चूक. वर जायचं तर उडी मारून, खाली यायचं तर पायरी उतरून. चार स्वर वरची उडी किंवा तीन स्वर खालची उडी दोनदा लागोपाठ घेऊ नका, कारण मग दोन्ही आवाज एकाच स्वरावर किंवा सप्तकाच्या अंतरावर सोबत सरकतात आणि दोनाचा एकच आवाज होतो. आणि ध लागोपाठ दोनदा नको, त्याचा वरचा पंचम कोमल ग वर पडतो आणि तीव्र मध्यमाचं अंतर उघडं पडतं.

आधी ही नऊ मात्रांची ओळ तिघांनी घोटा. ती बसली की नियम हातात येतो.

मात्रा: १ | २ | ३ | ४ | ५ | ६ | ७ | ८ | ९
अटलांटा: सा | ग | रे | म | ग | प | रे | सा | सा
हिप्पोमेनीस: – | प | नि | ध | तार सा | नि | तार रे | ध | प
सफरचंद: सा | सा | प | म | सा | ग | नि | म | सा

सफरचंदाची ओळ मंद्रात, हाताला सोयीच्या जागी. ही पाठ झाल्यावर खालच्याने पुन्हा नुसत्या सा वर यावं आणि अटलांटाने पाच वाटांतून स्वतःची ओळ काढावी. नुसत्या सा वर रे आणि ध जरा ओढल्यासारखे लागतात, पण सतत सुराची सवय असलेल्या आपल्या कानाला ते खपतं. हार्मोनियमवाल्याने या ओळीपुरता ग आणि नि दाबायला हरकत नाही, फक्त व्हायोलिनने त्याच्या सुराशी जुळवून घ्यावं.

अटलांटाची कक्षा मंद्र प पासून मध्य ध पर्यंत ठेवा. मग बासरी मध्य रे पासून तार ग पर्यंत राहते आणि फुंक ताणावी लागत नाही. व्हायोलिन उत्साहात वर गेलं की बासरी तार प च्याही पुढे ढकलली जाते, सूर चिरकतो आणि पाठलाग तुटतो.

नियमाबाहेर पाऊल पडलंच तर थांबू नका, मागेही येऊ नका. एका मात्रेचा खटका असतो, पुढच्या मात्रेला तो निघून जातो. चुकलेल्याने दचकून स्वर लांबवला तर मात्र मागच्याचा हिशेब बिघडतो आणि एका खटक्याचे तीन होतात.

हाताला वाटा बसल्या की अर्ध्या मात्रेचे स्वर भरता येतात: सा वरून ग वर जाताना मध्ये रे. तो मात्रेच्या दुसऱ्या अर्ध्यात आणि तोल न देता. हिप्पोमेनीसनेही तो भराव तसाच उचलायचा.

जड सफरचंद आणि सिंह

तिसऱ्या सफरचंदाचा स्वर शुद्ध ग. हा स्वर आत्तापर्यंत एकदाही आलेला नाही, म्हणूनच तो आडबाजूला पडलेला आणि जड. सोनं हेच. त्या काळी युरोपात कोमल गांधाराच्या मोडमधल्या रचनाही शेवटच्या स्वरमेळात शुद्ध ग घेऊन संपवण्याची रीत होती, त्यामुळे हा बदल काळालाही धरून आहे. म्हणून एक पथ्य पाळा: त्याआधी काफीत रंग भरण्यासाठी कुणीही शुद्ध ग चा स्पर्श करायचा नाही. आधीच चाखवला तर इथे काहीच बदललेलं ऐकू येणार नाही.

खालच्याने एक मात्रा शांतता देऊन मंद्र शुद्ध ग लावावा, भरदार. अटलांटा या वेळी दोन मात्रा गप्प. पहिल्या मात्रेत हिप्पोमेनीस उरलेला शेवटचा स्वर वाजवतो. दुसऱ्या मात्रेत त्याच्याकडे नक्कल करायला काहीच उरत नाही, म्हणून तो स्वतःचा स्वर वाजवतो, तार सा उत्तम. इथे तो पुढे गेला. तिसऱ्या मात्रेपासून अटलांटा त्याच्या मागे, एका मात्रेने आणि पंचमाने खाली. वाटा आता उलट्या, आणि त्या हिप्पोमेनीसने सांभाळायच्या: तोच स्वर, दोन स्वर खाली, चार स्वर खाली, एक स्वर वर, तीन स्वर वर. सगळीकडे ग आता शुद्ध, नि कोमलच. या भागात नि लागोपाठ दोनदा टाळा.

तालमीत सगळ्यात जास्त बिघडते ती हीच जागा. अटलांटाचा वादक सवयीने पुढे धावतो, आणि दोघंही पुढारी झाले की नुसता गोंगाट होतो. हे आठ मात्रांचं वळण वेगळं काढून निदान २० वेळा फिरवा, आधी बोलून, मग वाद्यावर.

खालचा शुद्ध ग आठ मात्रा टिकवून मग सा वर उतरवा. साधारण एक मिनिटानंतर कॅनन सोडून दोघांनीही खाली मंद्राकडे यायचं. व्हायोलिनचा गज घोडीजवळ, दाब जास्त, सूर खरखरीत. बासरीत फुंक अधिक आणि हवेचा आवाज मोकळा. इथे मींड आणि गमक मनसोक्त, इतका वेळ बांधून ठेवलेलं सगळं बाहेर पडू दे. हे दोघे आता सिंह आहेत, माग कुणाचाच कुणावर नाही. दीड मिनिटाच्या आत सा, शुद्ध ग आणि प वर तिघांनी मिळून थांबावं.

तालमीबद्दल

व्हिडिओ कॉलवर हा सराव होत नाही. तीन मीटरवरून आवाज यायला जेमतेम ९ मिलिसेकंद लागतात, इंटरनेटवर त्याच्या अनेक पट आणि दर वेळी वेगळे. पुण्यातला एक आणि परदेशातला एक अशी जोडी असेल तर सरगमचा अभ्यास कॉलवर करा, धाव मात्र एका खोलीत. खोली शक्यतो कोरडी निवडा. रिव्हर्ब लांब असेल तर एका मात्रेच्या अंतरात मागचा स्वर विरतच नाही, हिप्पोमेनीस त्यावरच येऊन बसतो आणि शर्यत धूसर होते.

तालीम मोबाइलवर तिघांच्या मधोमध ठेवून ध्वनिमुद्रित करा आणि ऐकताना फक्त तीन जागा तपासा: प्रत्येक सफरचंदानंतर अंतर खरोखर घटलं का? वादकांना वाजवताना ते घटल्यासारखं वाटतं आणि मुद्रणात अंतर तेवढंच राहिलेलं आढळतं, कारण हिप्पोमेनीसही नकळत एक मात्रा थांबलेला असतो.

कॅननचा कंटाळा आला तर त्याच पुस्तकातल्या दोन चित्रांवर सराव करता येतो. चौदाव्यात स्वतःची शेपटी गिळणारा ड्रॅगन आहे: प्रत्येक वाक्याचे शेवटचे दोन स्वर पुढच्या वाक्याचे पहिले दोन व्हायला हवेत, मध्ये श्वास नाही. एकविसाव्यात एक माणूस परकाराने भिंतीवर वर्तुळ, चौकोन, त्रिकोण आणि पुन्हा वर्तुळ काढतो: एकच पाच स्वरांचा तुकडा आधी मुक्त लयीत, मग चार मात्रांत, मग तीन मात्रांत बसवायचा आणि पुन्हा मुक्त करायचा. पाच स्वर तीन मात्रांत कोंबताना कुठले दोन जोडायचे हे ठरवण्यात या सरावाचा सगळा फायदा आहे.

एकट्याने वाजवायचं असेल तर

डिले पेडल (वाजवलेलं ठरावीक वेळाने पुन्हा ऐकवणारं यंत्र) किंवा रीपरसारखं ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर हिप्पोमेनीस होऊ शकतं. फीडबॅक शून्य, म्हणजे पुनरावृत्ती एकदाच. मूळ आणि पुनरावृत्तीचा आवाज सारखा. ६० च्या लयीत वेळ ३००० मिलिसेकंद, मग २०००, मग १०००. बरीच स्वस्त पेडल एका सेकंदापलीकडे जात नाहीत, घेण्याआधी बघून घ्या. वाजत असताना वेळ बदलली तर अनेक पेडलमध्ये सूर घसरतो, म्हणून बदल सफरचंदाच्या शांततेतच करा. तिसऱ्या धावेसाठी पिच शिफ्टर (सूर वर-खाली सरकवणारं यंत्र) अधिक सातवर, म्हणजे सात अर्धस्वर वर, ठेवा. यंत्र नेमका पंचम देतं, थाट बघत नाही. तुम्ही ध वाजवलात तर वर शुद्ध ग उमटेल आणि सोनं वेळेआधीच बाहेर येईल. म्हणून एकट्याने वाजवताना तिसऱ्या धावेत ध पूर्ण वर्ज्य करा. शेवटची उलटापालट यंत्राकडून होत नाही. तिथे पेडल बंद करून दोन तारांवर स्वतःच दोन्ही आवाज वाजवावे लागतात, आणि व्हायोलिनवर सा-प च्या मोकळ्या तारांच्या आसपास राहिलात तर ते जमतं.